दोनदा आलेलं विवर

मलेशियातल्या ताइपिंगमध्ये राहून दुर्बीण घेणं म्हणजे टकल्याने कंगवा घेणं. आमच्याकडे पाऊस पडला नाही असा दिवस क्वचितच उजाडतो, आणि उजाडलाच तर म्हातारी माणसं काळजीने एकमेकांना फोन करतात. सकाळी मामकच्या चहाच्या दुकानात पावसावर पैज लागते. पडेल की नाही यावर कुणी लावत नाही, किती वाजून किती मिनिटांनी पडेल यावर लागते. हरला त्याने टेबलभर तेह तारिक, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा, पाजायचा. अशा गावात आम्ही आकाशमंडळ काढलं. गाव हसलं, त्यात गावाचं काही चुकलं नाही.

मंडळाच्या दोन दुर्बिणी कपाटात असतात. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून त्या कपाटात कायम एक दिवा जळत ठेवावा लागतो. आमचा अध्यक्ष हरचरण सिंग, निवृत्त स्टेशनमास्तर, वय एकाहत्तर. त्यानेच आठ वर्षांपूर्वी बातमी आणली की गुरूकडे गेलेल्या यानाचा कॅमेरा जे काही पाठवतो ते जसंच्या तसं जगापुढे मांडून ठेवतात. कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही त्याचं चित्र करावं. मध्ये ढग नाही, पाऊस नाही.

"हेंग," तो मला म्हणाला, "ताइपिंगचं छप्पर उडालं बघ!"

यानाचा कॅमेरा तयार रंगीत फोटो पाठवत नाही. राखाडी पट्ट्या पाठवतो, एकदा लाल काचेतून, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. तोवर यान पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे तिन्ही एकमेकींवर नीट बसत नाहीत. ओढून, ताणून, वळवून त्या बसवायच्या, तेव्हा कुठे चंद्राला कांती येते. याला शास्त्रज्ञ लागत नाही. चिकाटी लागते आणि नजर लागते, आणि माझ्याकडे दोन्ही होतं. कोता रस्त्यावरचा खू फोटो स्टुडिओ मी छत्तीस वर्षं चालवला. नवऱ्या मुलींच्या गालांवरचे फोड पुसले, मिटलेले डोळे उघडले, मेलेल्या बापाला घरच्या फोटोत मधोमध बसवलं. फोटोत भोक दिसलं की ते बुजवायचं, एवढंच काम मला येतं. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

मंडळात नियम नेमका उलटा. इतक्या लांबून येताना एखादी पट्टी वाटेतच गळते आणि चित्रात काळी चीर राहते. जे आलं नाही ते काळंच ठेवायचं. हा नियम जगभरच्या आमच्यासारख्या वेड्यांचा आहे. दुसरा नियम खास हरचरणचा. चित्र एकाने करायचं आणि दुसऱ्याने मूळ कच्च्या पट्ट्या शेजारी उघडून ते तपासायचं, मगच ते बाहेर जाणार. खाली दोघांची नावं. रचना अमुक, दुसरा डोळा तमुक.

"सिग्नल हिरवा मी दिला, तर गाडीतल्या माणसांचा जीव माझ्या गळ्यात," हरचरण म्हणायचा. "अपघात झाल्यावर मी बघितलंच नव्हतं म्हणून चालत नाही."

खोटं निघालं तर दोघांची नावं वहीतून खोडायची, कायमची. आणि कच्च्या पट्टीलाच ज्याने हात लावला, त्याला आमच्यात माणूस समजत नाहीत. रंग भडक केला तर हसतात, चित्र चुकलं तर शिव्या घालतात. कच्चं बदलणाऱ्याशी बोलतच नाहीत.

माझा दुसरा डोळा म्हणजे मस्तुरा. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, वय चौतीस. ती मला अंकल म्हणते, आणि तिची खोडी काढायची असली की मी तिला शाळेतल्या मुलींसारखं "चिकगू, चिकगू", म्हणजे "बाई, बाई", करतो. ती गावाबाहेर राहते, तिथे इंटरनेट रडतखडत चालतं. म्हणून कच्च्या पट्ट्या मीच उतरवून पेनड्राइव्हवर द्यायचो आणि ती घरी तपासायची. खरं तर दुसऱ्या डोळ्याने स्वतः उतरवून घ्यायला हवं. पण हरचरणने हो म्हटलं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी बायको स्वी किम गेली. आठ महिने दवाखान्याच्या खेपा झाल्या आणि एका मंगळवारी त्या संपल्या. मार्चमध्ये यान गुरूच्या चंद्राजवळून, गॅनिमीडजवळून गेलं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तीन दिवस त्या पट्ट्या जुळवत बसलो, कारण घरी बसणं जमत नव्हतं. चंद्राचा चेहरा सुरेख उतरला. पण हनुवटीपासून कपाळापर्यंत तिरकी एक काळी चीर होती. त्या चिरेकडे बघवेना. खरंच सांगतो, कुणाला फसवायचं मनात नव्हतं. हात आपोआप गेला. डावीकडचा एक तुकडा उचलला, त्यात एक मोठं विवर आणि त्याच्या काठावर नखाएवढं छोटं. तो जरा फिरवून चिरेवर बसवला आणि कडा मऊ केल्या. दहा मिनिटांचं काम. चेहरा पुरा झाला आणि मी रडलो. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो.

मस्तुराला पेनड्राइव्ह दिला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "सुंदर आहे, अंकल. माझं नाव घाला." मला वाटलं, पोरीने माझ्यावर विसंबून न बघताच सही केली. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आठवड्याभरात ते चित्र कुठल्या कुठे गेलं. कोण कुठली माणसं मला अभिनंदनाची पत्रं लिहू लागली. मी ती अर्धवट वाचून बंद करायचो. कच्च्या पट्ट्या तर जगजाहीर आहेत, कुणीही उघडून बघू शकतो. रोज सकाळी मला वाटायचं, आज कुणीतरी बघेल. अकरा महिने कुणी बघितलं नाही. लोक चित्राकडे बघतात, कच्च्याकडे कोण जातंय! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी रोज नाश्त्याला खात होतो.

मग मुलींच्या शाळेने नवं सभागृह बांधलं आणि भिंतीवर लावायला माझाच गॅनिमीड निवडला, बारा फूट उंच. शनिवारी सकाळी पडदा ओढायचा होता. त्याच सुमारास मस्तुराला परदेशातल्या एका विद्यापीठाने बोलावलं. अशाच चित्रांवर काम करणारा त्यांचा एक गट होता, त्यात दोन वर्षांसाठी तिला घेतलं. मंगळवारचं विमान. सगळं ताइपिंग खूश होतं आणि मी शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होतो.

गुरुवारी मामककडे आम्ही तिघं बसलो होतो. हरचरण पैज हरला होता.

"दहा वाजून चाळीस म्हणालास, अजून टिपूस नाही," मी म्हटलं. "तुझ्या गाड्याही अशाच यायच्या ना?"

"माझ्या गाड्या वेळेवरच यायच्या, तुझं घड्याळ चिनी," तो म्हणाला, चहाचे पैसे ठेवले आणि शाळेत चित्र टांगायची शिडी बघायला निघून गेला.

तो गेल्यावर मी मस्तुराकडे न बघता म्हणालो, "त्या चित्राबद्दल तुला एक सांगायचंय."

"विवर दोनदा आलंय," ती म्हणाली.

मी पेला खाली ठेवला.

"डावीकडचं उचललंय आणि थोडं फिरवलंय. काठावरचं छोटं विवरही सोबत आलंय. पहिल्याच दिवशी दिसलं, अंकल. मी वर्षाला चारशे पोरींचे नकाशे तपासते. कुणी कुणाची नदी उतरवली ते मला लांबून कळतं."

"मग सही का केलीस?"

तिने समोरची रोटी उगाच कुस्करली. "पेनड्राइव्ह द्यायला आलात तेव्हा तुमच्या बाहीवर काळी चिंधी होती."

आम्हा चिनी लोकांत घरातलं माणूस गेलं की ती चिंधी बाहीला टाचतात. माझी टाचणी गंजेपर्यंत होती.

"महिन्याभरात पहिल्यांदा त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर पोटभर जेवलात," ती म्हणाली. "म्हटलं, आठवड्याने हळूच सांगते, तुम्हीच दुरुस्त कराल. आठवड्यात ते जगभर गेलं. मग कुठल्या तोंडाने सांगणार होते? माझं नाव होतं ना खाली."

मला लाज वाटली. मी अकरा महिने एकटाच मार खातोय असं समजत होतो, आणि ही शेजारी बसून तोच मार खात होती. वर मला पावसाच्या पैजेवरून चिडवत होती.

"आज हरचरणला सांगून टाकतो," मी म्हणालो. "शनिवारच्या आधी. मी केलं, मी निस्तरतो."

"आणि माझं काय? बघितलं नाही म्हणाले तर मी आंधळी. बघितलं म्हणाले तर खोटारडी. दोन्हीकडून नाव खोडणार." तिचा आवाज चढला आणि पलीकडच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. मग ती हळू बोलली. "दोनदा नाकारलं त्यांनी मला. तिसऱ्यांदा घेतलं ते या चित्रामुळे. पत्रात लिहिलंय, तपासणीतली काटेकोर नजर. त्या वाक्यामुळे मी ते पत्र कुणाला दाखवतही नाही. अंकल, शनिवार जाऊ द्या. मी तिथे पोचले की मग सांगा काय सांगायचं ते."

"मग ते तुला तिथून परत पाठवतील."

तिने कुस्करलेली रोटी ताटलीच्या कडेला सारली. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि किती वाजले ते आम्ही कुणी पाहिलं नाही.

इकडे आड तिकडे विहीर हे मी आयुष्यभर ऐकलं होतं, पण आडात आणि विहिरीत दोन्हीकडे दुसऱ्याची पोर बुडणार असेल तर काय करायचं, ते त्या म्हणीत नाही.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पडदा मक चिक, म्हणजे मावशी, रोकिया यांनी शिवला होता. चाळीस वर्षं गावच्या खिडक्यांना पडदे शिवणारी ही बाई, आमंत्रण नसतं तरी आलीच असती. आपलं शिवणकाम नीट सरकतं की नाही ते बघायला ती पहिल्या रांगेत बसली होती. मुख्याध्यापिकांनी दोरी ओढली. पडदा सरसर बाजूला झाला आणि बारा फुटांचा गॅनिमीड सगळ्यांवर आला. टाळ्या पडल्या. मीही वर बघितलं. इतक्या मोठ्या आकारात मी तो पाहिला नव्हता. माझी चोरी आता ताटाएवढी झाली होती.

टाळ्या थांबल्या तरी मक चिक उभ्याच होत्या. मान एकदा इकडे, एकदा तिकडे करत होत्या.

"हे जोडाचं आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"मक चिक, हे कापड नाही, चंद्र आहे!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. मुली हसल्या.

"चंद्र असू दे की. नक्षी दोनदा आलीय." त्या सरळ चित्रापाशी गेल्या आणि छत्रीच्या टोकाने दाखवायला लागल्या. "हा मोठा गोल, त्याच्या खांद्यावर हा छोटा. आणि हे बघा, इथे तोच मोठा, तोच छोटा, जरा वाकडा धरून लावलाय. कापड कमी पडलं की आम्ही पण असंच करतो. पण जोड छान दिलाय हं, टाका दिसत नाही."

सगळे पुन्हा हसले. हरचरण हसला नाही. त्याने खिशातून चष्मा काढला, पुढे गेला आणि बराच वेळ एका जोडीकडून दुसरीकडे, दुसरीकडून पहिलीकडे बघत राहिला. मग वळला. मला वाटलं होतं तो मला विचारेल. पण तो स्टेशनमास्तर, तो आधी सिग्नलवाल्याला विचारणार.

"चिकगू मस्तुरा," तो म्हणाला, "कच्च्या पट्ट्या उघडून बघितल्या होत्यास?"

मस्तुरा उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. होय म्हणाली तरी मेली, नाही म्हणाली तरी मेली. तिने तोंड उघडलं आणि तिच्याआधी मी बोललो.

"बघितल्या होत्या तिने. मीच तिला बदललेल्या दिल्या."

सभागृहातल्या बहुतेकांना काही कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं.

"काय दिल्या?" हरचरणने विचारलं.

"पेनड्राइव्हवर बदललेल्या पट्ट्या दिल्या. चीर आधी कच्च्यातच बुजवली, मग तिला तपासायला दिलं. तिच्याकडे जे होतं त्याच्याशी चित्र बरोबर जुळत होतं. तिने काय चूक केली? तूच पेनड्राइव्ह चालेल म्हणाला होतास."

"कच्च्याला हात लावलास तू?"

"लावला."

"कशाला रे?"

"चेहरा पुरा व्हावा म्हणून," मी म्हणालो. एवढं एक खरं होतं.

त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने चष्मा काढून डबीत ठेवला आणि डबी मिटली. पन्नास वर्षांची ओळख आमची, माझ्या लग्नाचा बँड त्याने ठरवला होता. त्या क्षणापासून आजपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

मस्तुरा अजून उभी होती. आता तिला बोलता आलं असतं. अंकल खोटं बोलताहेत, पट्ट्या शाबूत होत्या, मी बघूनही सही केली, एवढी तीन वाक्यं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. पण खोटं कशाला सांगू, मान हलवत असतानाच मला आतून वाटत होतं की हिने बोलावं. तिने माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले आणि हळूच खाली बसली. मला हवं होतं तेच तिने केलं, आणि ते मला फार लागलं.

पावसात भिजत मी दुकानात आलो. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या वहीतून माझं नाव गेलं. दुसऱ्या दिवशीपासून आणखी चार देशांतून पत्रं येऊ लागली, पण ती अभिनंदनाची नव्हती. एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं, "कच्च्याला?" त्याला काय उत्तर देणार? मी नाही लावला हात असं लिहिलं तर मस्तुरा गेली. गप्प बसलो. मामकच्या दुकानात माझी खुर्ची कुणी हलवली नाही, पण तिच्या शेजारच्या दोन रिकाम्या राहायला लागल्या. पावसाची पैज आता मला कुणी विचारत नाही.

सोमवारी शाळेच्या गाडीने चित्र गुंडाळी करून आणून टाकलं. ठेवायला जागा नाही म्हणे. मी ते स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर टांगलं, तिथे फोटोसाठी रंगवलेला धबधब्याचा जुना पडदा आहे, तो बाजूला सारून त्याच्यामागे. मग फोटो कापायचं पातं घेतलं आणि अकरा महिन्यांपूर्वी बसवलेला तुकडा मापाने कापून काढला. कडा कुठे आहेत ते फक्त मलाच माहीत होतं. पट्टी गळून खाली पडली आणि तिथे तिरकी, लांब चीर उघडली, हनुवटीपासून कपाळापर्यंत. नंतर खालच्या कोपऱ्यात वाकलो आणि "दुसरा डोळा: मस्तुरा" एवढी चिठ्ठीही कापून काढली. कुणी बघितलंच तर तिचं नाव माझ्याबरोबर नको.

तितक्यात शटरवर कुणीतरी ठोकलं. मस्तुरा होती, छत्री ठिबकत होती.

"उद्याचं विमान ना तुझं? बॅगा भरायच्या सोडून इथे काय करतेस, चिकगू?" मी म्हणालो.

तिने छत्री दाराशी टेकवली. ती चित्रापुढे उभी राहिली. वरची चीर बघितली, मग खालचं छोटं भोक बघितलं. जमिनीवर पडलेली पट्टी तिने पायाने बाजूला सारली आणि आपल्या नावाची चिठ्ठी उचलली.

"मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"बोलली असतीस तर माझं एवढं मोठं खोटं फुकट गेलं असतं. आयुष्यात एकदाच इतकं चांगलं बोललो."

ती हसली नाही. "पेनड्राइव्ह कुठे आहे?"

मी गल्ल्यातून काढून दिला. त्यात त्या पट्ट्या अजून तशाच होत्या, मूळच्या, चिरेसकट. तिने तो माझ्या संगणकाला लावला आणि खुर्ची ओढून बसली. अर्धा तास ती तपासत राहिली. एकदा पडद्यावर बघायची, एकदा भिंतीवर, बोटाने चिरेच्या कडा मोजायची. असं तपासताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, ती नेहमी घरीच करायची. शेवटी ती उठली.

"डिंक आहे?"

मी डिंकाची बाटली दिली. तिने आपल्या नावाच्या चिठ्ठीला मागून डिंक लावला आणि ती जिथून कापली होती तिथेच चिकटवली, अंगठ्याने दाबून धरली.

"आता बरोबर आहे, अंकल," ती म्हणाली. "आता माझी सही चालेल." आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. 

ती गेली त्याला सात महिने झाले. तिचं काम चांगलं चाललंय असं मामक सांगतो, त्याला हरचरण सांगतो. मी केलेल्या सगळ्या चित्रांत भिंतीवरचं हेच एक खरं आहे, तपासलेलं, दोन नावांचं. हरचरणने एकदा येऊन हे बघावं असं मला रोज वाटतं. पण ते नाव कापून पुन्हा का चिकटवलं, असं तो विचारेल, आणि मग मला सगळंच सांगावं लागेल. म्हणून शटरवर कुणी ठोकलं की मी आधी धबधब्याचा पडदा ओढून ते चित्र झाकतो आणि मग दार उघडतो.